जादूगारांनी भांडावं, पण रीतसर!

रविवारी दुपारी कँटीनच्या मागच्या टेबलावर आम्ही सहा-सात जण कागद, पेन्सिली आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, सबमिशन चाललंय. कँटीनच्या काकांनाही बरेच दिवस तसंच वाटत होतं, म्हणून ते आम्हांला उठवत नसत. खरं म्हणजे तिथे आम्ही जादूगार असतो. तेराव्या शतकातल्या युरोपातले, लॅटिनमधून मंत्र म्हणणारे, दाढीवाले (मीसुद्धा!) जादूगार.

हा प्रकार म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. बोर्ड नाही, स्क्रीन नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतंय ते बोलून दाखवतात. जिथे काय होईल याची खात्री नाही तिथे फासा टाकायचा. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, तिथून ही सगळी वंशावळ सुरू होते. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, त्यामुळे ‘रोलप्लेइंग’ला प्रतिशब्द मागू नका. मंडळींनी ‘भूमिकाखेळ’ सुचवला होता, तो ऐकून मला शाळेच्या गॅदरिंगमधलं झाड आठवलं. ते मी होते.)

असो. आज मला खेळ शिकवायचा नाहीये. मला एका वादात पडायचंय, आणि तो वाद असा: एकाच टेबलावरचे दोन जादूगार एकमेकांचे वैरी झाले तर करायचं काय?

आमच्या ग्रुपमध्ये यावर दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, खेळाडूंच्या पात्रांनी आपसांत भांडायचंच नाही, नियमच करून टाका. दुसरा म्हणतो, भांडू द्या की, फासे आहेत, जो जिंकेल तो जिंकेल. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्याने भांडण थांबत नाही, फक्त टेबलाखाली जातं. आणि दुसऱ्याने काय होतं ते ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळलेल्या कोणालाही विचारा. दोन मोठे जादूगार समोरासमोर आले की ज्याचा नंबर पहिला लागला तो आपला सगळ्यात भारी मंत्र टाकतो आणि दुसऱ्याचं सहा महिने जपलेलं पात्र दीड मिनिटात संपतं. मग तो दुसरा रूमवर जाऊन झोपतो आणि पुढच्या रविवारी त्याचं ‘जर्नल लिहायचंय’ असतं.

आम्ही जो खेळ खेळतो त्याचं नाव ‘आर्स मॅजिका’. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइनहेगन या दोघांनी तो 1987 मध्ये काढला. आम्ही वापरतो ती पाचवी आवृत्ती 2004 ची, अ‍ॅटलस गेम्सची. गोष्ट सुरू होते ती साधारण इसवी सन 1220 मध्ये, आणि सगळे जादूगार ‘ऑर्डर ऑफ हर्मीस’ नावाच्या एका संघटनेचे सभासद असतात. या खेळाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे, जादूगार भांडणारच हे त्याने आधीच गृहीत धरलंय. तुम्ही विचार करा, एकेक माणूस डोंगर हलवू शकतो, प्रत्येकाला वाटतं आपलंच संशोधन महत्त्वाचं, आणि साधनं मोजकी. (आपल्या लॅबमधले चालू स्थितीतले सीआरओ किती आणि बॅच केवढी, हे ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त समजवायला नको.) म्हणून या ऑर्डरची एक संहिता आहे, कोड ऑफ हर्मीस, आणि त्यात भांडणाच्या रीती ठरवून दिल्यात.

सगळ्यात वर आहे ट्रायब्यूनल. ही सभा सात वर्षांतून एकदा भरते. कमीत कमी चार वेगवेगळ्या मठांतले बारा जादूगार हजर असले तरच ती कायदेशीर. तिथे खटले चालतात, मतदान होतं. तपास करायला क्वेसिटर नावाचे लोक असतात, आपल्या रेक्टर सरांसारखे, फक्त मंत्र येणारे.

दुसरं टोक म्हणजे ‘विझर्ड्स वॉर’. दोन जादूगारांनी रीतसर जाहीर करून एकमेकांपुरतं कोडचं संरक्षण काढून घ्यायचं. मग खून केला तरी गुन्हा नाही. पण त्यालाही शिस्त आहे. एका पौर्णिमेला आव्हानाचा निरोप समोरच्याच्या हातात पडला पाहिजे, लढाई सुरू होणार पुढच्या पौर्णिमेला, आणि त्याच्या पुढच्या पौर्णिमेला बंद. म्हणजे ज्याला मारायचंय त्याला महिनाभर आधी कळवायचं! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता वाटतं, ज्याने हे लिहिलं त्याने भरपूर भांडणं जवळून पाहिली असणार.

आणि या दोघांच्या मध्ये आहे सर्टामेन. लॅटिन शब्द आहे, अर्थ झुंज, स्पर्धा. हे जादूगारांचं औपचारिक द्वंद्व. यात जखम होत नाही, दम संपतो. कोणत्याही क्षणी ‘हरलो’ म्हणता येतं. आव्हान नाकारलं तर तो मुद्दा तुम्ही हरलात असं धरतात. आणि लढाई निवडलेल्या विद्येतच होते. या खेळात एकूण पंधरा विद्या आहेत: पाच ‘टेक्निक’, म्हणजे काय करायचं (निर्माण करणं, जाणून घेणं, बदलणं, नष्ट करणं, ताब्यात ठेवणं), आणि दहा ‘फॉर्म’, म्हणजे कशावर करायचं (आग, पाणी, वनस्पती, प्राणी, मन वगैरे). सर्टामेनमध्ये टेक्निक एक जण निवडतो आणि फॉर्म दुसरा. समोरच्याची पहिली निवड एकदा नाकारता येते. हल्ला टेक्निकच्या जोरावर, बचाव फॉर्मच्या जोरावर. हल्ला बचावाला पार करून गेला तर पुढची पायरी, तुमची भेदक शक्ती विरुद्ध त्याची ‘पार्मा मॅजिका’, म्हणजे जादूची ढाल.

आता मुद्द्यावर येते. माझं म्हणणं असं आहे की सर्टामेनमधला फाशांचा भाग सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक टेबलांवर नेमका तोच तेवढा खेळला जातो. कोणीतरी ओरडतो, ‘चल, सर्टामेन!’ आणि लगेच फासे. खरी गंमत, आणि खरा उपयोग, त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत आहे: आपण नक्की कशासाठी भांडतोय, हरणारा नक्की काय सोडणार, आणि हे कोणाच्या समोर ठरलं.

आमचंच उदाहरण देते. आमच्या मठाच्या जवळ एक झरा आहे, त्यातून दरवर्षी थोडं ‘विस’ मिळतं. विस म्हणजे घट्ट झालेली जादू. कायमस्वरूपी काही बनवायचं तर ते लागतंच, त्यामुळे जादूगारांच्या जगात तीच रोकड. आमच्यातला एक सिव्हिलवाला फ्लॅम्बो घराण्याचा जादूगार खेळतो (हे घराणं आगीसाठी प्रसिद्ध). तो सलग तीन सेशन्स ते सगळं विस उचलून नेत होता. एक कॉम्पवाली बोनिसॅगस घराण्याची संशोधक खेळते, तिलाही ते हवं होतं. ती दर वेळी म्हणायची, ‘अरे, मला पण लागेल थोडं.’ आणि टेबलावरून उत्तर यायचं, ‘हो गं, पुढच्या वेळी बघू. समजून घे ना.’

हे ‘समजून घे’ ऐकून ऐकून मला त्या शब्दाचीच चीड आलीये. नीट लक्ष दिलं तर लक्षात येईल, ते नेहमी हळू आवाजात बोलणाऱ्यालाच सांगितलं जातं. ज्याचा आवाज मोठा त्याला कोणी समजून घ्यायला सांगत नाही. ‘आपण मित्र आहोत, नियम कशाला, बोलून सोडवू’ हे ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात बोलून सोडवणं म्हणजे जो जास्त वेळ बोलू शकतो त्याचं खरं होणं. ती बोलतच नव्हती. चौथ्या रविवारी ती आली नाही, आणि आमच्यातल्या निम्म्यांना ते कळलंही नाही.

त्या दिवसांत स्टोरीगाइड मी होते. (या खेळात गोष्ट सांगणारा बदलत राहतो, तेही मला आवडतं.) एक सीनिअर दादा मला म्हणाला, ‘तू स्टोरीगाइड आहेस ना? मग तूच वाटणी करून टाक, अर्धं-अर्धं.’ मी नाही म्हटलं. मी वाटून दिलं असतं तर सिव्हिलवाल्याला वाटलं असतं मी मैत्रिणीची बाजू घेतली, आणि तिला वाटलं असतं, आपल्याला भीक मिळाली. गोष्ट सांगणाऱ्याने कोण जिंकलं हे ठरवू नये असं माझं ठाम मत आहे. हरण्याचा अर्थ काय होतो, ते मात्र त्यानेच रंगवून सांगावं.

पुढच्या रविवारी तिने येऊन सर्टामेनचं आव्हान दिलं. मी दोघांना एक कागद दिला आणि म्हटलं, भांडणाचा विषय एका वाक्यात लिहा, दोघांची सही हवी. त्या एका वाक्याला अर्धा तास लागला! आधी त्याने लिहिलं, ‘झरा कोणाचा.’ ती म्हणाली, झरा मठाचा आहे, प्रश्न यंदाच्या विसचा आहे. मग तो म्हणाला, यंदाचंच का, कायमचं ठरवू. मग बाकीचे म्हणाले, कायमचं ठरवायला आम्ही मेलोय का? शेवटी वाक्य झालं: ‘पुढची सात वर्षं, म्हणजे पुढच्या ट्रायब्यूनलपर्यंत, झऱ्यातलं विस आधी कोणी घ्यायचं आणि किती शिल्लक ठेवायचं.’ या अर्ध्या तासात ती इतकं बोलली तितकं आधीच्या तीन सेशन्समध्ये बोलली नव्हती. कारण आता बोलणं ही तक्रार नव्हती, ती खेळातली चाल होती.

मग विद्या निवडणं. इथे इंजिनिअरिंगवाल्यांना सुख आहे. साधा दहा बाजूंचा फासा धरला, तर जो 5 ने मागे आहे तो दर फेरीला शंभरात दहाच वेळा पुढे जातो. 10 ने मागे असेल तर कधीच नाही. (खेळात ‘स्ट्रेस’चा फासा असतो, त्यात 1 पडला तर पुन्हा टाकून दुप्पट धरतात आणि 0 पडला तर फजितीची शक्यता, त्यामुळे थोडी आशा राहते.) म्हणजे निकाल बराचसा निवडीतच लागतो. त्याची आग 15. आगीवर लढाई झाली असती तर तिने कॅल्क्युलेटर काढायचीही गरज नव्हती. त्याने टेक्निक म्हणून ‘निर्माण’ निवडलं, तिने नाकारलं, मग त्याने ‘नाश’ घेतलं. तिने फॉर्म म्हणून निव्वळ जादूची विद्या सांगितली, त्याने नाकारली, आणि ती शांतपणे म्हणाली, ‘हर्बाम.’ म्हणजे वनस्पती. त्याच्या कागदावर हर्बामपुढे शून्य. तिच्याकडे 6. सगळं टेबल ‘ओहोऽऽ’ करून ओरडलं. काका बघायला आले.

कॅल्क्युलेटर म्हणते ते का, तर दहा बाजूंचा फासा आपल्या कॉलेजजवळच्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळत नाही. कॅसिओवर रॅन्डम नंबरचं फंक्शन असतं, त्यातला दशांशचिन्हानंतरचा पहिला आकडा घ्यायचा, झाला फासा. पाच फेऱ्या झाल्या. ती जिंकली, पण तिच्याही दमाची एकच पातळी उरली होती.

यावर जे आक्षेप घेतात त्यांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. मोठा आक्षेप असा की हे शेवटी बळी तो कान पिळी. सर्टामेनमध्ये जो मुरलेला, तो येता-जाता नवख्यांना आव्हान देऊन लुटणार. खेळाच्या स्वतःच्या कथेतच हे आहे. सर्टामेन ज्या ट्रेमीअरने शोधून काढलं, त्याच्या घराण्यात शिष्याचं मत गुरूच्या खिशात असतं, आणि गुरूला सर्टामेनमध्ये हरवेपर्यंत ते शिष्याला परत मिळत नाही. कित्येक म्हातारे शिष्य बिनमताचे! खऱ्या इतिहासातही हीच अडचण होती. इंग्लंडमध्ये द्वंद्वाने न्याय करायची मध्ययुगीन तरतूद कोणी रद्दच केली नव्हती. 1817 मध्ये अब्राहम थॉर्नटन नावाच्या माणसावर मेरी अ‍ॅशफर्ड हिच्या खुनाचा खटला झाला, ज्यूरीने त्याला सोडलं. मेरीच्या भावाने जुन्या कायद्याखाली पुन्हा दावा लावला, तेव्हा थॉर्नटनने कोर्टात हातमोजा फेकून सरळ द्वंद्वाचा हक्क मागितला. न्यायाधीशांना तो मान्य करावा लागला. भाऊ अंगाने किरकोळ, त्याने लढायला नकार दिला, आणि 1818 मध्ये थॉर्नटन सुटला. पुढच्या वर्षी, 1819 मध्ये, पार्लमेंटने तो कायदा काढून टाकला.

पण या उदाहरणातच मला उत्तर दिसतं. तिथे द्वंद्वाला विचारला गेलेला प्रश्न होता, ‘खून कोणी केला?’ या प्रश्नाचं उत्तर कोणाचे दंड किती जाड यावर अवलंबून असूच शकत नाही. आमच्या कागदावरचा प्रश्न होता, ‘आधी कोणी घ्यायचं?’ याला खरं-खोटं उत्तर नाही, कोणीतरी मागे सरकायचंय एवढंच. मी म्हणते, सर्टामेन एवढ्याच प्रश्नांसाठी ठेवा. कोणी कोड मोडला, कोणी चोरी केली, कोणी खोटं बोललं, हे ट्रायब्यूनलकडे जाऊ द्या, तिथे साक्षी-पुरावे होतील. आणि पणाला लावलेली गोष्ट भांडणाच्या मापाची हवी. एका वर्षाच्या विससाठी कोणाचं मत, कोणाची प्रयोगशाळा मागायची नाही. आमच्याकडे हे माप बाकीचे खेळाडू ठरवतात. त्यांना ते मान्य नसेल तर आव्हान लागूच होत नाही. हा नियम पुस्तकातला नाही, आमचा आहे, आणि तो नसता तर पहिला आक्षेप मी मान्य केला असता.

दुसरा आक्षेप: दोघं लढणार, मग बाकीच्या चौघांनी काय माश्या मारायच्या? याला माझ्याकडे पुस्तकी उत्तर आहे. आर्स मॅजिकात एका खेळाडूकडे एकच पात्र नसतं. जादूगाराबरोबर एखादा सोबती असतो आणि मठाचे पहारेकरी-नोकर सगळ्यांचे मिळून असतात. आमच्या द्वंद्वात एक जण क्वेसिटर झाला, एक साक्षीदार, आणि दोघं पहारेकरी होऊन भिंतीआडून पैजा लावत होते. सगळ्यात जास्त हशा त्यांनीच वसूल केला.

विझर्ड्स वॉरबद्दल थोडंच सांगते, कारण आमच्याकडे ते अजून झालेलं नाही आणि होऊही नये. एकदा मात्र धमकी आली होती, वेगळ्याच दोघांत. तेव्हा आम्ही त्या महिन्याच्या नियमाला खऱ्या आयुष्यात आणलं: घोषणा या रविवारी, युद्ध पुढच्या रविवारच्या आधी नाही. मधल्या आठवड्यात मेसमध्ये रोज एकाच टेबलावर जेवायचंच होतं. गुरुवारी दोघं मिळून मेसच्या भाजीवर चिडले आणि शनिवारी धमकी मागे घेतली गेली. भाजीचं श्रेय किती आणि नियमाचं किती, ते सांगता येत नाही.

राहता राहिला तो ‘एवढं काय त्यात, खेळच आहे’ म्हणणारा पक्ष. त्यांना एवढंच विचारते, की मग ती चौथ्या रविवारी का आली नव्हती? हॉस्टेलवर आपण चार वर्षं एकमेकांच्या डोक्यावर राहतो. इस्त्री कोणाची, बादली कोणाची, रात्री दोनला लाइट कोणी बंद करायचा, सगळं ‘समजून घे’वर चालतं, आणि समजून घेणारी माणसं कायम तीच असतात. मी असं म्हणत नाहीये की बादलीसाठी सर्टामेन करा (रेक्टर सर, नोंद घ्यावी). पण भांडणाचा विषय एका वाक्यात लिहून दोघांनी सही करणं, हे मी आमच्या रूममध्ये फॅनच्या स्पीडवरून करून पाहिलंय. वीस मिनिटं लागली. सध्या स्पीड तीनवर आहे.

आणि हरलेल्या सिव्हिलवाल्याचं काय? तो एक मिनिट गप्प बसला. मी त्याला त्याच्या जादूगाराचं वर्णन करून सांगितलं: आगीचा एवढा मोठा उस्ताद, वेलींनी हळूहळू गुंडाळला जातोय, आणि पेटवायला परवानगी नाही. तो हसायला लागला. म्हणाला, ‘हे माझ्या पात्राच्या कागदावर लिहून ठेवतो, त्याला आता झाडांची भीती वाटणार.’ तेव्हापासून तो खरंच हर्बाम शिकतोय, शून्याचे दोन झालेत.

कागदावर ‘पुढच्या ट्रायब्यूनलपर्यंत’ असं लिहिलंय, हे तो विसरलेला नाही. आमच्या खेळात ती सभा 1227 मध्ये भरणार, आम्ही आत्ता 1224 च्या हिवाळ्यात आहोत. त्याने झऱ्याच्या मालकीचा अर्ज तयार केलाय, दोन पानी, कलमांसकट. मतांसाठी त्याने आत्तापासून दोघांना वडापाव खिलवलेत. हे कोडमध्ये बसतं का, असं कॉम्पवालीने क्वेसिटरला लेखी विचारलंय. क्वेसिटरने उत्तर द्यायला एक आठवड्याची मुदत मागितलीये, कारण त्याने एक वडापाव खाल्लाय.